खोक्यावरचा ठेका

प्रिय बाळ्या,

परवा ताईकडे जे ऐकलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तिच्या धाकट्याचा ड्रमसेट बाजूला पडलेला आणि पोरगा रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर काठ्या मारतोय. ठेका कुठला? बडी हॉलीच्या 'नॉट फेड अवे'चा! हॉलीच्या 'क्रिकेट्स' बँडच्या ड्रमरने, जेरी ॲलिसनने, हे गाणं खोक्यावरच वाजवलं होतं, १९५७ साली न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत, हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. "मामा, हा ड्रमचा आवाजच नाहीये," एवढंच म्हणाला. कानाने ओळखलं रे त्याने!

मी ठीक आहे, शुगर आटोक्यात आहे.

तर घोर वेगळाच आहे. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून त्याला बँड काढायचाय. ताई म्हणते, "तुझं ऐकतो, तूच समजाव." काय समजावू? हॉलीची 'द चर्पिंग क्रिकेट्स' ही रेकॉर्ड लावून समजावू? त्या रेकॉर्डची सगळी जादूच ही, की ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाही जमेल. दोन गिटारी, एक बेस, ड्रम. गिटारवाल्या बो डिडलीचा तो ठेका, मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागा, आणि एकेका अक्षराला उचकी लागल्यासारखा तोडत जाणारा बडी हॉलीचा आवाज. हॉली तेव्हा विशीचा, ॲलिसन सतराचा! लिव्हरपूलच्या पोरांनाही, पुढच्या बीटल्सना, तेच वाटलं. १९५८ साली लेनन-मॅकार्टनींनी पहिल्यांदा पैसे मोजून रेकॉर्डिंग केलं ते हॉलीच्याच 'दॅटल बी द डे'चं.

(रेकॉर्डमधला मागचा कोरस 'पिक्स' नावाच्या गायक मंडळींनी नंतर चढवलाय, मान्य. पण 'मेबी बेबी'तून तो काढला तर गाणं उघडं पडतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. तू कितीही दात-ओठ खा.)

पण बाळ्या, त्याच रेकॉर्डमधली चार गाणी दौऱ्यातून सवड नाही म्हणून ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाच्या ऑफिसर्स क्लबात उरकलेली आहेत. आणि पुढे दीड वर्षही झालं नाही तोवर, ३ फेब्रुवारी १९५९ ला, दौऱ्यावरच विमान पडून हॉली गेला. बावीस वर्षांचा! ताईच्या पोराचं वय बघतो आणि झोप उडते. मग खोक्यावरचे त्याचे हात आठवतात, आणि "डिग्री पूर्ण कर" हे शब्द तोंडातून फुटत नाहीत.

काकांनी तुला समोर बसवून जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात तुझी गिटार गेली. आपण त्यावर कधी बोललो नाही. आज विचारतो. त्या दिवशी कुणी काय बोलायला हवं होतं रे? "सोडू नकोस" म्हणायला हवं होतं? की काका म्हणाले तेच बरोबर होतं? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला का?

रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतोय. त्याच्या आत फोन कर. कोरसचं भांडण पुढच्या वेळी.

तुझा,
नंदू