काकूंच्या ओव्या आणि इमॅक्सचं सेव्ह

नाशिक, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या ओव्या तू स्वतः बसून टाइप करतोयस आणि त्यासाठी इमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम घेतलास, दोन्ही वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस की फाईल उघडताना आणि सेव्ह करताना इमॅक्सने काय करायचं हे आपल्याला ठरवता येतं का, आणि ऑफिसातल्या कुणीतरी दिलेली पानभर सेटिंग तशीच चिकटवू का. ठरवता येतं, हवं तितकं ठरवता येतं. पण ती सेटिंग चिकटवू नकोस. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली आहे आणि ओव्यांना ती नडणार. कशी, ते सविस्तर लिहितो.

आधी मुळात काय होतं ते बघ. तू फाईल उघडतोस तेव्हा इमॅक्स तिची प्रत मेमरीत घेतो, तिला बफर म्हणतात. तू जे काही टाइप करतोस ते बफरात. डिस्कवरची फाईल तू सेव्ह करेपर्यंत जशीच्या तशी असते. उघडल्यानंतर तू पहिल्यांदा सेव्ह केलंस की इमॅक्स जुन्या फाईलचं नाव बदलतो, शेवटी नागमोडी खूण लावतो आणि मूळ नावाने नवी फाईल लिहितो. ती नागमोडीवाली म्हणजे तुझी बॅकअप. पण हे फक्त पहिल्या सेव्हलाच होतं. आठवडाभर तू ती फाईल बंदच केली नाहीस, तर बॅकअप आठवड्यापूर्वीचीच राहते. तुझं काम असंच चालणार, रोज रात्री चार ओव्या आणि लॅपटॉप नुसता मिटून ठेवायचा. म्हणून 'व्हर्जन-कंट्रोल' हे व्हेरिएबल (म्हणजे सेटिंग) 'टी', म्हणजे चालू, कर, म्हणजे बॅकअपना क्रमांक पडतात. मुळात इमॅक्स सगळ्यात जुन्या 2 आणि सगळ्यात नव्या 2 एवढ्याच ठेवतो. नव्यांची संख्या वाढवून 10 कर. टेक्स्ट फायलींना जागा ती किती लागणार! आणि दिवसाचं काम झालं की कंट्रोल-यू दाबून मग सेव्ह करत जा. त्याने 'ही आवृत्ती पुढच्या सेव्हला बॅकअप म्हणून ठेव' असं इमॅक्सला कळतं. बॅकअपसाठी वेगळा फोल्डरही सांगता येतो, नाहीतर ओव्यांच्या फोल्डरात नागमोडी फायलींचाच बाजार भरेल.

ऑटो-सेव्ह हे प्रकरण वेगळं. दर 300 कळा दाबल्या की, किंवा हात थांबून साधारण 30 सेकंद झाले की, इमॅक्स बफरातला मजकूर दोन्ही बाजूंना हॅश लावलेल्या एका वेगळ्या फाईलमध्ये उतरवून ठेवतो. तुझ्या खऱ्या फाईलला हात लावत नाही. नाशिकला मे महिन्यात वळीव आला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि माझा डेस्कटॉप आहे, त्यामुळे या सोयीची किंमत मला चांगली माहीत आहे. वीज आली की फाईल उघडायची, 'रिकव्हर-धिस-फाईल' म्हणायचं, गेलेलं बहुतेक सगळं परत मिळतं. तुझ्या मुख्य फाईलसाठी आणखी एक कर: 'फाईल-प्रेशस-फ्लॅग' चालू ठेव. एरवी दुसऱ्या सेव्हपासून इमॅक्स आहे त्याच फाईलवर थेट लिहितो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धीच फाईल उरू शकते. हा फ्लॅग लावला की आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण मजकूर लिहिला जातो आणि तो उतरला की मगच नाव बदललं जातं.

आता त्या चिकटवायच्या सेटिंगकडे येतो. तू पत्रात उतरवून पाठवलेल्या ओळींत 'बिफोर-सेव्ह-हुक'ला (हुक म्हणजे ठरावीक वेळी इमॅक्सने आपोआप करायच्या कामांची यादी) 'डिलीट-ट्रेलिंग-व्हाइटस्पेस' जोडलेलं आहे, तेही सरसकट सगळ्या फायलींसाठी. म्हणजे दर सेव्हच्या आधी प्रत्येक ओळीच्या शेवटची रिकामी जागा पुसली जाणार. प्रोग्रॅमरला ते हवंच असतं. पण तू ओव्या मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी सांगायच्या पद्धतीत, लिहितोयस आणि तिथे ओळीच्या शेवटी दोन स्पेस दिल्या की ओळ तुटते. त्या पुसल्या गेल्या की तुझ्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसेल, फाईलमध्ये ओवीचे चरण एकाखाली एकच असतील, पण पुस्तकासाठी पीडीएफ काढशील तेव्हा सगळे चरण एका ओळीत सलग येतील. काकू ज्या ठिकाणी श्वास घेतात ती जागाच जाईल रे. त्या दोन स्पेस हा ओवीचाच भाग आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की कुठलाही नियम सरसकट लावू नकोस, ज्या त्या फाईलपुरता लाव. त्याची सोयही साधी आहे. हुकमध्ये काम जोडणाऱ्या 'ॲड-हुक'ला चौथा आर्ग्युमेंट (सोबत पुरवायची किंमत) 'टी' दिलास की तो हुक फक्त त्या बफरपुरता लागू होतो. मी 'फाईंड-फाईल-हुक'मध्ये एक छोटं फंक्शन ठेवलं आहे. फाईल उघडली की ते तिचा पत्ता बघतं आणि फोल्डरप्रमाणे त्या बफरचे नियम लावतं. कारखान्याच्या फोल्डरला एक रीत, घरच्या लिखाणाला दुसरी. तुझ्यासाठी तसंच फंक्शन लिहून ठेवलं आहे, पेनड्राइव्हवर देतो.

कारखान्याची रीत सांगतो, म्हणजे फरक लक्षात येईल. सातपूरला आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनचे प्रोग्रॅम साध्या टेक्स्ट फायलींत असतात. वर-खाली टक्क्याचं चिन्ह, मध्ये मशीनला हुकूम देणारे जी आणि एमचे कोड, आणि कंसात ऑपरेटरसाठी टिपा. कुणी कंसात देवनागरीत 'जॉब उलटा लावणे' असं लिहिलं, तर मशीन चालवणाऱ्या आमच्या जुन्या कंट्रोलरला ती अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून तिथे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची चिन्हं सोडून एकही अक्षर सापडलं तर सेव्ह थांबलंच पाहिजे. ही तपासणी मी 'बिफोर-सेव्ह-हुक'मध्ये ठेवत नाही. तिथे एखाद्या फंक्शनने एरर दिली तरी इमॅक्स खाली नुसता निरोप दाखवतो आणि फाईल सेव्ह करून टाकतो. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, आणि मला पटतंही, कारण हुकमधल्या चुकीपायी कुणाचं लिखाण अडकायला नको. पण जिथे खरोखर अडवायचंच आहे, तिथे तपासणी 'राइट-फाईल-फंक्शन्स' या दुसऱ्या हुकमध्ये घालायची. तिथली एरर सेव्ह थांबवते. तुझ्या ओव्यांच्या फोल्डरात असं अडवणारं काहीही ठेवलेलं नाही. काकू सांगतायत आणि तू लिहितोयस, तेव्हा इमॅक्सने मध्ये तोंड घालू नये.

तिथे एक वेगळीच गोष्ट लागेल, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू लिहिलंस की 'सासऱ्या' शोधलं की काही ओव्या सापडतात, काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. सासरा, नवरा, वारा, चारा, पहारा: ओव्यांत हेच शब्द पदोपदी येतात, आणि त्यांना विभक्ती लागली की तो आडवा र येतो. सासऱ्याला, नवऱ्यानं, वाऱ्यावर. हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, आपला खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधताना इमॅक्सच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तू थोडं लॅपटॉपवर लिहितोस, थोडं ताई मोबाइलवर लिहून पाठवते, त्यातून ही सरमिसळ झाली असणार. तोच प्रकार ॲचा. त्याला स्वतःचं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहीत आले आहेत आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच देतात. तुझ्या प्रस्तावनेत तो येईल.

यासाठी मी जे फंक्शन लिहिलं आहे ते सेव्हच्या आधी दुसऱ्या तऱ्हेचा र पहिल्या तऱ्हेत बदलतं आणि किती ठिकाणी बदल केला तो आकडा खाली दाखवतं. आकडा मी आग्रहाने ठेवला आहे. माणसाला न सांगता त्याचं अक्षर बदलणारं सेव्ह मला मान्य नाही, बदल कितीही योग्य असला तरी. आणि यापलीकडे एकही शुद्धलेखन ते सुधारत नाही. काकू 'पानी' म्हणाल्या असतील तर फाईलमध्ये 'पानी'च राहील.

उरल्या त्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या जुन्या फायली. उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो म्हणालास. तिथे एन्कोडिंग (फाईलमधले आकडे अक्षरं म्हणून वाचायची पद्धत) बदलून बघण्यात वेळ घालवू नकोस. त्या काळच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, म्हणजे फाईलमध्ये खरोखरच रोमन अक्षरं आहेत. कोणता फॉन्ट होता ते कळलं की त्याच्या कन्व्हर्टरने एकदाच रूपांतर करायचं आणि मग काकूंना वाचून दाखवून ओळ न ओळ तपासायची, कारण जोडाक्षरं आणि रफार तिथेच निसटतात. हे काम उघडतानाच आपोआप व्हावं असं तुला वाटेल, पण ते करू नये. मूळ फायली 'मूळ' नावाच्या फोल्डरात ठेव. त्या फोल्डरातलं काहीही उघडलं की बफर फक्त वाचण्यापुरताच उघडेल, अशी ओळ मी घातली आहे.

त्यातली एक फाईल मला आहे तशीच पाठव, आणि त्याच मजकुराचा छापील कागद घरात असेल तर त्याचा फोटोही. दोन्ही शेजारी ठेवली की फॉन्ट ओळखता येतो. पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे, सिन्नरची बस पकडून सकाळीच येतो. तोवर ती पानभर सेटिंग चिकटवू नकोस.

काकूंना साष्टांग नमस्कार, ताईला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाशिककर मित्र