लेप्टोचा 'विषाणू' नव्हे, जिवाणू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लावणी सुरू झाली की कोकणातल्या बातम्यांत 'लेप्टोचा विषाणू' हटकून अवतरतो. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. तो करणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू आहे. त्याला पेशीभित्तिका असते, स्वतःचे रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) असतात. म्हणूनच भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन, रायबोसोमवर घाव घालणारे डॉक्सिसायक्लिन ही औषधे लागू पडतात. विषाणूवर ती चालत नाहीत.

'ग्राम तपासणीत काही दिसले नाही, म्हणजे लेप्टो नाही' हाही असाच एक गैरसमज. जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट पाडणारी हान्स ग्राम यांची ही पद्धत १८८४ साली प्रसिद्ध झाली. आज ती अशी करतात: काचपट्टीवर नमुन्याचा पातळ लेप सुकवून ज्योतीवर पक्का करायचा, मग क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, अल्कोहोल १०-१५ सेकंद, शेवटी सॅफ्रानिन. जाड भित्तिकेचे जिवाणू जांभळे राहतात, पातळ भित्तिकेचे गुलाबी होतात. खरी मेख अल्कोहोलात. ते जरा रेंगाळले की जांभळेही गुलाबी दिसू लागतात. प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू शिळे असले तरी तेच. त्यात आपली पावसाळी हवा! लेप सुकता सुकत नाही, आणि ओलाच ज्योतीवर धरला की पेशींचा आकार बिघडतो.

लेप्टोस्पायराची ठेवण ग्राम-ऋण (म्हणजे गुलाबी होणाऱ्या) जिवाणूंसारखी, पण मळसूत्री अंगाची जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर. साधा सूक्ष्मदर्शक ०.२च्या खाली हात टेकतो, शिवाय हा जिवाणू रंगही नीट धरत नाही. तो पाहायला काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो. प्रतिपिंडांची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात नकारात्मक येऊ शकते. तेव्हा जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी अधिक उपयोगी.

जिवाणू की विषाणू असा घोळ होत असेल, तर बातमीत निदान 'जंतू' तरी छापावे.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक, रत्नागिरी