समरी कोर्ट मार्शलमध्ये वकील कुठे असतो?

महोदय,

सैन्यातील विधी अधिकाऱ्यांवरचा आपला कालचा लेख वाचला. जज ॲडव्होकेट जनरल शाखेत, म्हणजे सैन्याच्या विधी शाखेत, मुलांसाठी जादा जागा राखता येणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२५ मधील निकाल आपण आमच्या भागातील मुलींपर्यंत पोहोचवलात, त्याबद्दल आभार. परंतु या शाखेचा वकील प्रत्येक जवानाच्या पाठीशी उभा असतो, असे आपल्या लेखकाने लिहिले आहे, ते वाचून संताप आला.

तो उभा नसतो. १९५० च्या सेना कायद्याप्रमाणे जनरल कोर्ट मार्शलला, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांसाठीच्या लष्करी न्यायालयाला, जज ॲडव्होकेट हजर असावाच लागतो, पण तोही न्यायालयाला कायदा सांगण्यासाठी, आरोपीची बाजू मांडण्यासाठी नव्हे. समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे युनिटातच झटपट चालणाऱ्या लष्करी खटल्यात, तर युनिटचा प्रमुख कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आरोपीला एक मित्र सोबत घेता येतो, मात्र त्या मित्राला साक्षीदारांना प्रश्न विचारता येत नाहीत. शिक्षा लगेच अमलात आणता येते आणि विधी शाखेकडे कागद जातात ते त्यानंतर. हवाई दलाच्या कायद्यात हा प्रकारच नाही. म्हणजे सांबऱ्याच्या हवाई दल प्रशिक्षण केंद्रात शिकून गेलेल्या मुलावर जी पाळी येत नाही, ती बेळगावच्या मराठा सेंटरमधून सैन्यात गेलेल्या मुलावर येऊ शकते.

माझा धाकटा भाऊ आईच्या आजारपणामुळे रजेवरून उशिरा परतला. दवाखान्याचे कागद त्याच्याजवळ होते, पण सगळे कानडीत, आणि त्या दूरच्या युनिटात ते वाचणारे कोणी नव्हते. ‘गुन्हा कबूल म्हण, साहेब सांभाळून घेतील,’ असा सल्ला त्याला मिळाला आणि त्याने तो ऐकला. कबुलीचा परिणाम आरोपीला सांगितल्याशिवाय ती नोंदवू नये, असे सेना नियमांत स्पष्ट असताना, भावाला तसे कोणी काही सांगितले नाही. पेन्शनला थोडीच वर्षे उरली असताना तो बडतर्फ झाला आणि आज उद्यमबागेत रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्या खोलीत कायदा शिकलेला एक माणूस असता, तर त्याने ते कागद निदान भाषांतर करून मागितले असते.

रणजित ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अशीच एक शिक्षा रद्द केली होती, कारण जवानाने ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली, तोच न्याय करायला बसला होता. पण तिथवर जायला पैसा लागतो, आणि सैनिकांचे असे खटले ऐकण्यासाठी २००९ मध्ये सुरू झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे कायमचे पीठ कर्नाटकात नाही.

कबुली नोंदवण्यापूर्वी विधी अधिकाऱ्याने आरोपीला एकट्याने भेटलेच पाहिजे, असा नियम व्हावा. आणि सीमाभागातील सरकारी दवाखान्यांनी आपले दाखले मराठीतूनही द्यावेत, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने तरी लावून धरावी.

आपला,
एक वाचक, उचगाव (ता. बेळगाव)