प्रिय अर्चे, तुझी साक्ष पाहिजे

प्रिय अर्चे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून टाईप करतेय. लोकलमध्ये जागा मिळाली की निवांत वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर बॉर्डरवर, बाकी सगळं बरं.

तर झालं असं की प्रशांतनं मला, बायको म्हणून, कॅनडाला न्यायला अर्ज केलाय ना, त्या फाईलवर पत्र आलं. नकार नाही, पण नकाराच्या अलीकडचं. दिलेल्या कागदांवरून हे लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही, तुमचं काय म्हणणं असेल ते तीस दिवसांत कळवा, असं. आणि खाली कारणं. लग्नाला मोजकीच माणसं. मुलाकडचं कुणीच नाही. पारंपरिक विधी नाहीत. रिसेप्शन नाही. लग्नानंतर दोघं कुठं फिरायला गेलेले दिसत नाहीत. फोटो थोडे, त्यातही बहुतेक एकाच जागेचे. मी पतसंस्थेत होते तेव्हा, कॅश टॅली करायची वेळ, बंड्या समोर उभा. मोबाईल उपडा ठेवला आणि नोटा मोजायला लागले तर आकडाच जुळेना, शेवटी बंड्या म्हणाला मॅडम द्या इकडं, मी बघतो.

अगं, त्या कारणातलं एकही खोटं नाही, आणि तेच मला लागलंय. माणसं मोजकीच होती कारण मोजकीच ठेवायला लावली होती. मावशीचं वाक्य आठवतं ना, दुसरेपणाचं लग्न आहे, चार माणसांत उरकून घ्या. हळद नको, मंडप नको, सोसायटीत पेढे सुद्धा आठ दिवसांनी वाट. आमची आजी सांगायची, पूर्वी पाट लावायचा तो रात्री, कुणी बघू नये म्हणून, आणि सवाशिणी तिकडं फिरकायच्या नाहीत. रात्र गेली, रजिस्टर ऑफिस आलं, पण बाईचं दुसरं लग्न झाकूनच करायचं हे काही गेलं नाही. आपल्याकडं याला शहाणपण म्हणतात. आणि तेच कागदावर इंग्रजीत लिहिलं की संशय होतो. मी त्या ऑफिसरला तरी काय दोष देऊ, त्याला कुठनं माहीत असणार की इथं गप्प राहणं म्हणजे रीत आहे.

आणि दुसरीकडं माझं पहिलं, सांगलीचं लग्न बघ. आठशे पानं उठली होती, घोडा, बँड, दोन करिझ्मा अल्बम, व्हिडिओ शूटिंग, मामांनी कर्ज काढून दिलेलं सगळं. मानपानाच्या याद्या अजून आईच्या ट्रंकेत आहेत. ते लग्न आज कुणी फाईलला लावलं असतं तर एका बैठकीत पास झालं असतं. त्या घरात माझं काय झालं ते तुझ्याशिवाय कुणाला धड माहीत नाही, पहिल्या दिवाळीला तू मला न्यायला आलेलीस आणि मी फुल बाह्यांचा ब्लाऊज घातलेला, तू काही विचारलं नाहीस, नुसती बॅग भरायला लागलीस. त्या लग्नाचे पुरावे माळ्यावर ढिगानं पडलेत. आणि प्रशांतच्या लग्नाचे मी गोळा करत फिरतेय. रडू येतं म्हणून नाही सांगत, राग येतो म्हणून सांगतेय.

तुला नियम सांगते, कारण तू विचारणारच. त्यांच्या नियमावलीत चौथा नियम आहे, लग्न खरं नसेल किंवा मुख्यतः तिकडं जाण्यासाठी केलेलं असेल तर ते धरायचं नाही. दोन्हीपैकी एक जरी वाटलं तरी संपलं, २०१० च्या आधी दोन्ही असावं लागायचं. आणि फॉर्म आहे एक ५५३२ नंबरचा, त्यात विचारतात कुणी ओळख करून दिली, पहिल्यांदा कधी भेटलात, समारंभ झाला का, किती लोक, घरच्यांना माहीत आहे का, नसेल तर का नाही. प्रशांतनं सगळं एकेका ओळीत भरलेलं, त्याचा स्वभावच तसा, वेल्डर माणूस, शब्द कमी. पहिली भेट कुठं तर ‘पतसंस्थेत’, झालं. आता कुणाला कळणार की वडील गेल्यावर त्यांच्या ठेवीवर नॉमिनीच नव्हता, म्हणून हा तिकडनं, कॅनडातल्या विनिपेगहून आलेला आणि मी त्याला वारस दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावलेले, आणि शेवटच्या हेलपाट्याला तो कागद राहिलाय असं खोटंच सांगून आलेला. आता मी हे सगळं सविस्तर लिहितेय, चार पानं झालीत.

त्यात एक चांगलं सांगते. आधी तिकडं अशी अट होती की नवीन लग्न असेल तर पोचल्यावर दोन वर्षं एकत्र राहायलाच पाहिजे, नाहीतर पीआर, म्हणजे तिकडं कायम राहायची परवानगी, जाणार. २०१७ साली काढून टाकली, कारण नवरा मारझोड करत असला तरी बायका त्या भीतीनं घर सोडायच्या नाहीत. हे वाचल्यावर मला त्या देशाबद्दल बरं वाटलं. तुला कळेल का बरं वाटलं ते.

आता खरी भानगड ऐक. मावशी आणि तो व्हिसाचा एजंट, दोघांचं एकमत झालंय. एजंट म्हणतो प्रशांतला पंधरा दिवसांसाठी बोलवा, छोटा हॉल घ्या, हळद, अक्षता, सप्तपदी, दोनशे माणसं, फोटोग्राफर मीच देतो, आणि पत्रिका मागच्या तारखेची छापू. मावशी एकदम तयार, म्हणते मी तर पहिल्यापासून म्हणत होते थाटात करा. अर्चे, मावशी! तू असतीस तर ताट आपटून उठली असतीस. मी नाही म्हणाले तर दोघं मला समजावायला लागले, की बाई सगळे करतात.

मी करणार नाही. खऱ्या लग्नाचा पुरावा म्हणून खोटं लग्न लावायचं, मग त्या ऑफिसरचं बरोबरच ठरलं की. आणि नुसतं मनाचं नाही, खोटे कागद दिलेले सापडले तर पाच वर्षं दार बंद, कायद्यातच आहे. पण मला लागलं ते वेगळंच. प्रशांतला रात्री सांगितलं, म्हटलं हा असा असा म्हणतो, तर तो थोडा वेळ गप्प आणि मग म्हणतो, ‘करूया का गं?’ तिकडं सकाळ होती, आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं, बाहेर उणे तीस, कारखान्याची बस यायची होती, पाठीमागं केटल वाजत होती. तो लबाड माणूस नाही हे तुला माहितीये. तो दमलाय. त्यानं दोघांसाठी म्हणून वन बेडरूम घेतलंय आणि एकटा राहतोय, भाडं भरतोय. मला त्याचा राग येईना आणि हो पण म्हणवेना. फोन तसाच चालू ठेवून दोघं गप्प बसलो, शेवटी त्याची बस आली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, नको करूया, आहे तेच पाठवू. तरी मला अजून भीती आहे की उद्या नकार आला आणि अपिलात वर्ष दोन वर्षं गेली तर तो मनात कधीतरी म्हणेल, त्या दिवशी ऐकलं असतंस तर. तो बोलणार नाही. पण मला ऐकू येईल.

तर आहे तेच पाठवायचं, पण आहे ते सगळं. पैसे पाठवल्याच्या पावत्या, त्याच्या विम्यावर माझं नाव, त्याचे बोर्डिंग पास (सगळे डायरीत जपून ठेवलेले, माझ्यापेक्षा नीटनेटका आहे), माझा नवीन पासपोर्ट त्याच्या नावासकट. चॅट दहाच पानं घेतात म्हणे. आमच्या एवढ्या बोलण्यातली दहा पानं काढायची कशी गं? मी आधी छान छान शोधत बसले, मग वाटलं छान कशाला, रोजचं देऊ. गिझर बिघडला त्याचं भांडण, बर्फ काढायच्या फावड्याचा फोटो, मी पाठवलेली कोथिंबीर वडी आणि त्यावर त्याचा रडका चेहरा. भाषांतर घरच्यानं केलेलं चालत नाही, म्हणून गल्लीच्या टोकाला रिटायर्ड इंग्रजीचे सर आहेत त्यांच्याकडं गेले. लाजेनं मेले. सर चष्मा नाकावर घेऊन एकेक ओळ वाचतायत, बोट ठेवून, चेहऱ्यावर काही नाही. मधेच म्हणाले, हे ‘झोपलास का’ रोजच आहे, एकदाच घेऊ आणि पुढं वगैरे लिहू का? मी म्हटलं नाही सर, रोजचं रोज लिहा. त्यांनी मान हलवली आणि सगळे लिहिले. पैसे घेतले नाहीत, म्हणाले पेढे द्या.

प्रशांतच्या आईंचं विचारशील. त्या अजून नाहीच बोलत त्या विषयावर. पोराचं पहिलं लग्न आणि आणली ती घटस्फोटित, त्यातून जात वेगळी, हे त्यांना गिळलं नाही. पत्रात हे खरं तसं लिहायचं ठरवलंय, का आल्या नाहीत ते. जीवावर आलं लिहिताना, घरातलं दुखणं परक्या माणसापुढं मांडायचं. पण एक गोष्ट सांगते. मागच्या थंडीत तिकडं वादळ आलेलं, लाईट गेलेली, प्रशांतचा फोन लागेना, तर रात्री अकराला मला इचलकरंजीहून फोन. नाव नाही, हॅलो नाही, एकदम ‘तुला लागला का त्याचा?’ मी म्हटलं नाही, पण त्याच्या सुपरवायझरशी बोललेय, सुखरूप आहे. ‘बरं’ म्हणाल्या आणि ठेवला. त्यानंतर दोनदा असंच. मी त्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लावतेय. सून म्हणोत न म्हणोत, पोराची खबर कुणाकडं असणार हे त्यांना माहीत आहे, ते ऑफिसरला कळलं तर कळलं.

आता तुझं काम. स्पेशल मॅरेज ॲक्टला तीन साक्षीदार लागतात, त्यातली तू एक, नितीनदाजी एक आणि बंडूमामा. मामा आता सही सुद्धा थरथरत करतात, त्यांना त्रास देत नाही. तुझं ॲफिडेव्हिट पाहिजे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, सोबत आधार आणि पासपोर्टची कॉपी. मला गोड गोड नको, ‘दे आर अ लव्हली कपल’ असलं काही लिहू नकोस. तू बघितलंस तेवढंच लिही. त्याचं नाव मी तुला पहिल्यांदा कधी सांगितलं, आणि तू काय म्हणालीस ते पण, कॅनडावाला म्हणजे आणखी एक फसवणूक, मी नाही येणार. मग तू त्याला मिसळीच्या टेबलवर बसवून पगार, दारू, आधीच्या पोरी, सगळं विचारलेलं, त्या माणसाचा पाव हातातच राहिला होता. ती उलटतपासणी कुणी रेकॉर्ड केली असती तर व्हिसा केव्हाच मिळाला असता! लिही की तू विरोधात होतीस आणि नंतर सही केलीस. महिनाभर लग्नाची नोटीस बोर्डावर होती तेव्हा तो इथंच थांबलेला, तुमच्याकडं चिंचवडला दोन रात्री राहिलो, नितीनदाजींनी अंडा करी केली, ओंकारनं त्याला कॅरममध्ये हरवलं, ते सगळं लिही. फिरायला गेला नाहीत म्हणतात ना, आम्ही तुमच्याकडंच आलेलो.

आणि फोटो. तुझ्या त्या जुन्या फोनमध्ये आहेत, स्क्रीन फुटलेला, तू टाकला नसशील, तू काहीच टाकत नाहीस, माझी निळी सायकल सुद्धा अजून तुझ्याच माहेरी गंजत पडलीय आणि ती माझीच होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार. रिक्षातले पाहिजेत मला. तू पर्समधून हळदीची पुडी काढून माझ्या गालाला फासलीस, म्हणालीस नवरी कोरडी जाते काय, आणि ऑफिसच्या दारात मावशीनं पदरानं पुसून काढली. पण कानाच्या मागं राहिलेली, सही करताना मान खाली घातलीय त्या फोटोत दिसते म्हणे, प्रशांत सांगतो, मी बघितलेलाच नाही. व्हॉट्सॲपवर नुसते पाठवू नकोस, त्यानं तारीख वगैरे पुसली जाते. ओंकारला सांग, ड्राईव्हवर मूळ फाईल टाकेल. सगळे मिळून वीसच फोटो घेतात, त्यातले निम्मे तरी तुझे असू देत.

ओंकारची दहावी, माहितीये, प्रीलिम संपली का? त्याला ओरडू नकोस गणितावरून, तुझं काय होतं ते मला विचार म्हणावं. फ्लॅटचं पझेशन मिळालं की नाही अजून? नितीनदाजींची बदली थांबली असं आई म्हणत होती, बरं झालं. तुझ्या पाठीचं बघ, एक्सरे काढ, नुसता बाम लावू नकोस.

मुदत सत्तावीसपर्यंत आहे, अपलोड प्रशांत तिकडनं करणार, म्हणजे मला वीसपर्यंत सगळं हातात पाहिजे. कुरियर नको, हरवलं तर दुसरं करायला वेळ नाही. शनिवारी बंड्या पुण्याला येतोय सोसायटीच्या कामाला, स्वारगेटला त्याच्या हातात दे, कडक पाकिटात घालून, घडी न घालता. त्याचा नंबर खाली पाठवते. आणि ॲफिडेव्हिट करायच्या आधी मला वाचून दाखवू नकोस, तू लिहिशील ते चालेल.

तुझी,
वैशू