स्नोमोबाइलचे खिळे आणि ब्रेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तर अमेरिकेतल्या हिवाळी खेळांवर लेख आला होता. त्यात बर्फावर चालणाऱ्या गाड्यांबद्दल ‘स्नोमोबाइलच्या चाकांना वेगासाठी खिळे ठोकतात’ असं एक वाक्य आहे. मिरजेहून आमच्या दाजींनी कात्रणाचा फोटो पाठवून विचारलं, “काय रे, तुझ्या गाडीलाही खिळे आहेत का?” आहेत. म्हणूनच हे पत्र.

मी होटनला राहतो, मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, सुपीरियर सरोवराच्या बाजूला. मिशिगन टेकला एम.एस. करायला आलो आणि इथंच नोकरीला चिकटलो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या कीविनॉ काउंटीत ३९० इंचांवर बर्फ पडलं. त्याची उंची दाखवणारी पट्टी हमरस्त्याकडेला उभी आहे. गावातल्या उचलपुलाचा मधला भाग थंडीत पूर्ण खाली ठेवतात, म्हणजे वरच्या मजल्यावरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल जातात. इथं हे वाहन निव्वळ खेळ नव्हे.

जमिनीला टेकणारं चाक या गाडीला नसतंच. पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद पट्टा, त्यालाच ट्रॅक म्हणतात. भुसभुशीत बर्फात ट्रॅकवरचे कंगोरे रुततात, तिथं स्टडचा, म्हणजे या खिळ्यांचा, उपयोग नाही. गुलमर्गला ताज्या बर्फात फेरी मारून आलेल्यांना म्हणूनच हा प्रश्न पडत नाही. खरी गोम मार्चमध्ये, दिवसा वितळून रात्री गोठलेल्या ट्रेलवर, म्हणजे या गाड्यांच्या वाटेवर. ब्रेक दाबला की ट्रॅक थांबतो, गाडी थांबत नाही; तिथं स्टड बर्फात रुतून पकड देतात. स्टडमुळे सुटतानाही जोर मिळतो हे कबूल, विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरच्या शर्यतवाल्यांना तो हवाच असतो. पण मी पैसे मोजले ते ब्रेकसाठी.

आणि ‘ठोकतात’ हेही बरोबर नाही. आधी ट्रॅकवर नमुन्याचा कागद धरून पांढऱ्या खडूने खुणा करतात. एका स्टडच्या ओरखड्यात दुसरा येऊ नये म्हणून त्या मागेपुढे सरकवलेल्या असतात. ट्रॅकच्या पोटात आडव्या फायबरग्लासच्या कांड्या असतात, त्या चुकवायच्या. आतून धावणाऱ्या छोट्या चाकांची वाटही सोडायची. भोक साध्या ड्रिलने पाडत नाहीत, रबर फाटतं. धारदार तोंडाची पोकळ नळी ड्रिलला लावली की रबराची काळी टिकली अलगद कापून बाहेर येते. मग स्टड आतून बाहेर घालायचा, बाहेरून ॲल्युमिनियमची चकती आणि वर नट. स्टडचं चपटं डोकं आतल्या रबरात बसून पृष्ठभागाशी समतल झालं की आवळणं थांबवायचं. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे आणि ट्रॅकचा ताणही. कंटाळवाणं काम आहे, गॅरेजमध्ये रेडिओ हवा.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण इथली आपली मुलं. दरवर्षी पुण्या-नाशिकची चार पोरं जुनी गाडी स्वस्तात उचलतात, आणि स्टड दिसले की खूश. स्टडचं टोक कंगोऱ्याच्या वर पाव ते ३/८ इंच असावं. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याने घेतलेल्या गाडीला आधीच्या मालकाने फार लांब स्टड बसवले होते आणि ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यात संरक्षक पट्ट्या लावल्याच नव्हत्या. अशा बऱ्याच गाड्यांचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, त्या बोगद्यातल्या कूलरमध्ये, ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं. स्टडनी कूलर चिरला. पोरगं तळ्याच्या मधोमध, गाडीखाली हिरवं थारोळं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. मागे स्टड घातले की पुढे स्कीखाली बर्फाला धरणाऱ्या, कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या पट्ट्याही तोलामोलाच्या हव्यात. मागची पकड वाढली आणि पुढची तशीच राहिली, तर वळणावर हँडल फिरवूनही गाडी नाकासमोर जाते, आणि आमच्याकडे वळणापलीकडे बहुधा झाड असतं. जुनी गाडी घेताना स्टड मोजत बसण्याआधी स्की उलटी करून पाहा, हे मी प्रत्येकाला सांगतो. निम्मे ऐकतात.

मिनेसोटाकडे फिरायला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथल्या कायद्यानुसार सार्वजनिक डांबरी ट्रेलवर धातूचे स्टड चालत नाहीत, स्थानिक प्रशासनाने मुभा दिली असेल तरच. डांबर उखडतं, दुसरं काय.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. जाता जाता, लेखासोबतचा फोटोही स्नोमोबाइलचा नाही. ते ट्रेल सपाट करणारं ग्रूमर आहे.

आपला,
एक वाचक (मूळचा मिरजेचा)
होटन, मिशिगन