वॉशिंग्टन यांचे ज्यूंना लिहिलेले पत्र वगळू नका

महोदय,

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या धर्मश्रद्धेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीच्या बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारे वॉशिंग्टन हे चित्र लोकप्रिय आहे, पण त्याला समकालीन पुरावा नाही. ते अँग्लिकन चर्चच्या कारभारी मंडळावर होते. तरी राष्ट्राध्यक्ष असताना उपासनेतल्या प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या) विधीआधीच उठून जात, हे त्या चर्चमधल्या पाद्र्यांनीच नोंदवले आहे.

मी अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. आईने शब्बाथचा दिवा लावला की वडील मराठीतून शास्त्र वाचत. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांना फार प्रिय: प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली, अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी भिववणार नाही.

मुलीकडे अमेरिकेत गेले तेव्हा न्यूपोर्टचे १७६३ सालचे टूरो सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) पाहिले. तिथल्या ज्यू मंडळींना वॉशिंग्टन यांनी १७९० मध्ये लिहिलेल्या पत्रात नेमके तेच वचन! वडिलांचा आवाजच कानात आला. सहिष्णुता म्हणजे एका वर्गाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, असेही त्यात स्पष्ट आहे. लेखात या पत्राचा एका ओळीचाही उल्लेख नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

– एक निवृत्त शिक्षिका, ठाणे