सातबाऱ्यावर बाईचं नाव : मदतकेंद्रासाठी आवाहन

समस्त गावकरी, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी नाशिक-पुणे-मुंबईला गेलेली आपली मंडळी, सप्रेम नमस्कार.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तेव्हा आपल्या महिला मंडळाच्या आजच्या अध्यक्षा कडेवर लेकरू घेऊन, भाकरी बांधून ट्रकमधून गेल्या होत्या. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे घरच्या बाईच्या नावावर जमीन करण्याची हाक दिली आणि गावातल्या सात घरांनी घरधनिणीच्या नावावर जमीन केली. त्या सात घरांचं नाव आम्ही अजून दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काढतो. त्यांतल्याच एका घराने मंडळाला बसायला ओसरी दिली, नऊ वर्षांत भाड्याचा शब्द काढला नाही. गुरुजींनी निवृत्तीनंतर कपाट दिलं, शेकड्याने अर्ज लिहिले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी लिहीत राहिले. सोसायटीने टेबल दिलं. हे ऋण फिटणारं नाही.

२०२३ ला कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, तेव्हाची बायांची धावपळ सगळ्यांनी पाहिली आहे. शेतात राबली ती, बाजार समितीची विक्रीची पट्टी तिच्या नावाची, सातबाऱ्याचा उतारा मात्र अजून सासऱ्याच्या नावावर. नवरा जाऊन वर्षं लोटली तरी वारसनोंद नाही, म्हणून पीककर्जही नाही. तेव्हापासून मंडळ वारसनोंदीचे अर्ज भरून देतं, तलाठ्याकडे सोबत जातं. पहिला फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाची नोंद मंजूर झाली त्या दिवशी ती ताई उताऱ्यावरच्या आपल्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली होती. तिला वाचता येत नाही.

तरीही गेल्या वर्षी फिरवलेलं पावतीपुस्तक निम्मं कोरं परत आलं. ‘बायांच्या मंडळाला पैसे कशाला लागतात?’ हेही ऐकलं. यात्रेची वर्गणी एका संध्याकाळी जमते. वाईट वाटलं, म्हणून लिहिते आहे.

आता ओसरीचं घर पाडून नवं बांधताहेत. अर्ज भरून देण्याच्या मदतकेंद्रासाठी ग्रामपंचायतीने जुन्या वाचनालयाची खोली देऊ केली आहे, पण पत्रे गळतात. पत्रे, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि तालुक्याच्या खेपा मिळून ६०,००० रुपये पावसाआधी हवेत, जमलेत १४,०००. रोख कोषाध्यक्षांकडे द्यावी, पावती घ्यावीच. खातं जुनंच, नंबर पावतीमागे. टायपिंग येणारी मुलं-मुली रविवारी ११ ते २ आली तरी मोठी मदत. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायची असतील तर तोही अर्ज आम्ही फुकट भरून देतो.

सध्या अकरा अर्ज पिशवीत घालून माझ्या घरी ठेवले आहेत.

आपली,
सचिव, महिला मंडळ